टाकून दिलेल्या दुधाची किंमत

गाईला दगडी झाली की औषधाचा खर्च शेतकरी करतो. त्या औषधाचा परिणाम मात्र त्याच्या गोठ्यापुरता राहत नाही. मी पशुवैद्यक आहे. काम हवेली, पुरंदर, दौंडच्या गोठ्यांमध्ये चालतं आणि घर पुण्यात बिबवेवाडीत, मार्केट यार्डाच्या दक्षिणेला. ज्या भागातल्या गाई मी तपासतो, तिथलं दूध पिशवीतून आमच्या सोसायटीत येतं आणि तिथल्याच शेणखतावर वाढलेली मेथी-कोथिंबीर यार्डातून आमच्या भाजीवाल्याकडे पोचते. माणूस, जनावर आणि भोवतालची जमीन-पाणी यांचं आरोग्य एकत्रच पाहायला हवं, या विचाराला आता जगभर ‘वन हेल्थ’ म्हणतात. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये नागपुरात झाली. मला तो विचार सर्वांत ठळक दिसतो तो दगडीत, म्हणजे कासेच्या दाहात.

मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. तिच्या कामातून संकरित गाई गावोगाव पोचल्या आणि लहान शेतकऱ्याच्या घरात दुधाचा पगार येऊ लागला. पण जास्त दूध देणारी कास जपावीही जास्त लागते. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली की जंतू आत शिरतात. सड गरम होतो, कडक होतो, धारेत गाठी येतात, हात लावला की गाय लाथ झाडते. मग प्रतिजैविकाचं इंजेक्शन येतं.

त्या औषधाचा काही अंश दुधात उतरतो, बाकीचा शेणा-मुतातून उकिरड्यावर आणि तिथून शेतात जातो. टेट्रासायक्लिनसारखी औषधं तर बऱ्याच प्रमाणात जशीच्या तशी बाहेर पडतात. जमिनीतल्या आणि आतड्यातल्या जंतूंना अशी थोडी थोडी मात्रा मिळत राहिली की त्यांतले दणकट जंतू टिकतात, वाढतात. उद्या माणसाला तोच संसर्ग झाला तर नेहमीचं औषध चालत नाही. याच भीतीपोटी सरकारने 2019 साली, माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनचा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांतला वापर बंद केला.

म्हणूनच औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध डेअरीवर घालायचं नसतं. पुरंदरच्या एका गोठ्यात मी हे सांगत होतो, तेव्हा घरच्या आजी म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, एवढं दूध मातीत घालू? त्यापरीस वासराला पाजते की.’’ वासराला पाजलं तर त्याच्या आतड्यात तेच दणकट जंतू पोसतात, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, ‘‘मग याचे पैसे कोण देणार?’’

हा प्रश्न रास्त आहे. दिवसाला 15 लिटर देणाऱ्या गाईचं चार दिवसांचं दूध टाकलं तर 60 लिटर झालं. लिटरला 30 रुपये धरले तरी 1,800 रुपये गेले, औषधपाणी वेगळं. शेतकऱ्याला दर मिळतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि त्याखेरीजच्या घन घटकांवर. दूध टाकून देण्याचा प्रामाणिकपणा त्या मोजणीत कुठेच येत नाही.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांतल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त होता. बुरशीपासून तयार होणारं अफलाटॉक्सिन मर्यादेबाहेर होतं 368 नमुन्यांत. बुरशी लागलेली पेंड, मका किंवा नीट न दाबलेला मुरघास गाईच्या पोटात गेला की ते विष दुधात उतरतं. घरी दूध उकळल्यावर जंतू मरतात, पण अफलाटॉक्सिन आणि बहुतेक औषधांचा अंश तसाच राहतो.

निष्काळजीपणा कुठवर जातो, हे गिधाडांनी दाखवलं. जनावरांच्या तापावर आणि दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास टोचलं जायचं. उपचारानंतर मेलेलं ढोर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. भारताने 2006 साली जनावरांसाठीचं हे औषध बंद केलं. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

दगडी टाळण्याचे उपाय मात्र साधे आहेत. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत चारा टाकायचा, म्हणजे गाय उभी राहते. मुक्त संचार गोठ्यात तिला कोरडी जागा निवडता येते. पहिल्या चार धारा काळ्या कपात काढून पाहिल्या, तर गाठी वेळीच दिसतात. सुरुवातीच्या सुजेवर कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम वाटून केलेला लेप राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ सुचवतं. तो पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिवसातून अनेकदा लावायचा. शेण कच्चं शेतात न टाकता ढीग लावून, वरखाली करून चांगलं तापू दिलं, तर औषधाचे पुष्कळसे अंश त्यात मोडतात.

हे सगळं करणारे शेतकरी मी रोज पाहतो. त्यांच्या कष्टांचा लाभ माझ्या शेजाऱ्यांना आणि त्यांच्या लेकरांना मिळतो. तोटा मात्र ते एकटे सोसतात. दूध संघांनी दरात फॅटच्या जोडीला औषधमुक्त दुधाचा हिशेब धरावा, टाकलेल्या दुधाची भरपाई द्यावी. त्यासाठी लिटरमागे दोन पैसे जास्त मोजावे लागले, तर शहराने ते मोजावेत. शहराच्या आरोग्याची राखण गोठ्यात होत असेल, तर त्या राखणीची मजुरी शहरानेच द्यायला हवी.