सातबारा तुझा, वहिवाट कुणाची?

प्रिय वैशू,

‘चित्रांची मालकी तुमचीच राहील असं या ॲपच्या अटींत स्वच्छ लिहिलंय, मग तू कशाला घाबरवतेस?’ असं विचारलंस. अगं, ते वाक्य खरंच आहे. पण त्याच्या खालचा परिच्छेद वाचलास का? सातबारा तुझ्या नावावर आणि वहिवाट ॲपवाल्यांची. तीही जगभर, फुकट आणि पुढे तिसऱ्याला देता येईल अशी. थोडी परवानगी द्यावीच लागते, हे कबूल. चित्र सर्व्हरवर साठवायचं, लहान करून दाखवायचं, तर त्यांना ती हवीच. माझं भांडण आहे ते तिच्या ऐसपैसपणाशी.

२०२४ च्या जूनमध्ये ॲडोबीच्या नव्या अटींवरून चित्रकार केवढे खवळले होते! तुमचं काम आम्ही यंत्राकरवी आणि माणसांकरवीही पाहू शकतो, असं त्यांत होतं. गोपनीयतेच्या करारावर सही करून काम करणाऱ्यांनी काय करायचं? ग्राहकांच्या कामावर आम्ही एआय शिकवत नाही, असं कंपनी सांगत राहिली. पण लोक हटले नाहीत, तेव्हा १८ जूनला ते अटींतच लिहून आलं. मला त्या लिहिण्याचंच मोल वाटतं. निवेदन उद्या बदलेल, करारातलं वाक्य दाखवता येतं. २०१२ च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामलाही लोकांचे फोटो जाहिरातींत वापरण्याची भाषा अशीच मागे घ्यावी लागली होती.

आणि डॅनिएल मोरेलची गोष्ट तर तुला माहीत असायलाच हवी. हैतीचा हा छायाचित्रकार १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्समध्येच होता. ढिगाऱ्यांतून फिरून काढलेले फोटो त्याने ट्विटपिकवरून ट्विटरवर टाकले. दुसऱ्याच कुणी ते आपले म्हणून पुढे टाकले, एएफपी या वृत्तसंस्थेने उचलले, गेटी या छायाचित्रसंस्थेमार्फत ते जगभर गेले, आणि खाली नाव भलत्याचंच! मोरेलने हरकत घेतली, तर एएफपीनेच उलट कोर्ट गाठलं: ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला परवानगी आहे म्हणे. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१३ च्या जानेवारीत हे फेटाळलं. फोटो ट्विटरवर टाकला म्हणून तो कुणीही उचलून विकावा, असा त्या अटींचा अर्थ होत नाही, असं ठरलं. नोव्हेंबरात ज्यूरीने १२ लाख डॉलर द्यायला लावले. जवळजवळ चार वर्षं झुंजला गं तो माणूस. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही कलाकाराच्या बाजूने बराच विचार करतो. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय हक्क विकले तरी चित्रावर आपलं नाव लागण्याचा आणि ते विद्रूप करण्याला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडे राहतो. पण ॲपवाले मुदत आणि प्रदेश मोकळे सोडतच नाहीत. तिथे अनेकदा ‘कायमची’, ‘जगभर’ असं ठासून लिहिलेलं असतं.

तेव्हा गोधड्यांच्या चित्रांची तुझी मालिका त्या ॲपवर एवढ्यात चढवू नकोस. परवानगी कशासाठी आहे, खातं बंद केल्यावर ती संपते का, पुढे कुणाला देता येते आणि एआयचं काय, एवढं तरी शोध. अटींची आजच्या तारखेची प्रत जपून ठेव आणि मलाही पाठव. रविवारी मी मोकळीच आहे. फोनवर एकेक कलम वाचू.

तुझी,
मीना