शुद्धिस्थान आणि एका घरातील दोन प्रार्थना

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरच्या आधीच कबरस्थानातील गवत काढले जाते, क्रूसांना चुना लागतो आणि त्या दिवशी सायंकाळी कबरींवर झेंडूच्या फुलांची व मेणबत्त्यांची दाटी होते. धर्मग्रामाच्या कार्यालयात मृतांसाठी मिस्सा सांगणाऱ्यांची रीघ लागते. कुणी आईचे नाव देतो, कुणी अकाली गेलेल्या मुलाचे. ज्यांची आठवण ठेवणारे कुणीच उरले नाही अशा आत्म्यांसाठीही एखादी वृद्धा न चुकता मिस्सा सांगून जाते. 'शुद्धिस्थानातील आत्मे' हे शब्द या दिवसांत आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यांच्यामागे ख्रिस्ती जगातील केवढा मोठा मतभेद उभा आहे, याचे भानही आपल्याला राहत नाही.

मला तो मतभेद सेमिनरीतील पुस्तकांतून ठाऊक होता. पुस्तकातला वाद आणि घरातला वाद यांत मात्र फार अंतर असते, हे मला पुढे एका धर्मग्रामात कळले. तेथील एका कॅथलिक कुटुंबातली सून नगर जिल्ह्यातील जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यातली होती. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, काम सुरू केले. त्या परंपरेत वाढलेली, बायबलचे उत्तम वाचन असलेली ही मुलगी. तिचे वडील वारले. जावयाने मोठ्या आदराने सासऱ्यांसाठी आपल्या चर्चमध्ये मिस्सा सांगितली. दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला आली. म्हणाली, "फादर, रागावू नका. माझे बाबा प्रभूच्या घरी गेले असा आमचा विश्वास आहे. दफनाच्या वेळी आमच्या पाळकांनी तसेच सांगितले. मग तुम्ही त्यांच्यासाठी मिस्सा करून त्यांना पुन्हा वाटेत का उभे करता?"

त्याच आठवड्यात तिची सासूही मला चर्चच्या पायरीवर भेटली. तिचे दुःख नेमके उलटे होते. "फादर, माझा व्याही भला माणूस होता. पण त्याच्या माणसांतलं कुणीच त्याच्यासाठी प्रार्थना करीत नाही. त्याचं कसं होणार?"

एकाच घरातील दोन स्त्रिया, एकाच माणसासाठी हळहळणाऱ्या. एकीला वाटे, प्रार्थना केली तर त्याचा अपमान होतो; दुसरीला वाटे, नाही केली तर त्याला एकटे टाकल्यासारखे होते. या दोघींना काय सांगावे, याचा विचार करताना मी पुन्हा त्या जुन्या ग्रंथांकडे वळलो. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ख्रिस्तसभा खरोखर काय शिकवते ते पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये शुद्धिस्थानाविषयी जो निर्णय दिला, तो आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. शुद्धिस्थान आहे, आणि तेथील आत्म्यांना श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचे, विशेषतः मिस्साबलिदानाचे साहाय्य होते; सिद्धान्त एवढाच. त्यानंतर बिशपांना ताकीद आहे की, साध्या लोकांपुढे अवघड आणि निरर्थक प्रश्नांचा काथ्याकूट करू नये, आणि ज्यात कुतूहल, अंधश्रद्धा किंवा पैशाचा लोभ असेल ते सारे बंद करावे. ज्वाळा किती प्रखर, मुदत किती, ती जागा कोठे, यांविषयी परिषद मौन पाळते. जुन्या चित्रांतल्या ज्वाळा आपण सिद्धान्त म्हणून उराशी धरल्या. वास्तविक त्या चित्रकारांच्या होत्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शुद्धिस्थान हा स्वर्ग आणि नरक यांच्यामधला अनिश्चित मुक्काम नव्हे. तेथील आत्म्याचे तारण झालेले आहे. ती दुसरी परीक्षा नव्हे आणि दुसरी संधीही नव्हे. जो देवाच्या कृपेत मरण पावला, पण ज्याच्यात अजून स्वार्थाचा, अहंकाराचा, जुन्या वैराचा गाळ उरला आहे, त्याला देव स्वतःच निर्मळ करतो. शेतावरून आलेला माणूस ओटीवर पाय धुऊन मगच घरात शिरतो. घर त्याचेच असते. पाय धुणे ही त्याला शिक्षा वाटत नाही.

या श्रद्धेचा उगम शोधू लागलो तर असे दिसते की आधी प्रार्थना होती, शिकवण मागाहून आली. ख्रिस्ताच्या आधी दुसऱ्या शतकात यहूदा मक्काबीने रणात पडलेल्या आपल्या सैनिकांची प्रेते उचलली, तेव्हा त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडले. त्याने त्यांना टाकून दिले नाही. वर्गणी गोळा करून सुमारे दोन हजार द्राख्मा चांदी जेरुसलेमला पाठवली आणि त्यांच्या पापांसाठी बलिदान करवले. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे तुरुंगात असलेली तरुण रक्तसाक्षी पेर्पेतुआ हिने आपल्या मृत धाकट्या भावासाठी केलेल्या प्रार्थनेची हकिगत तिच्या नावे असलेल्या वृत्तांतात आहे. तो सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या दुर्धर रोगाने गेला होता. स्वप्नात तिला तो तहानलेला दिसला. तिने दिवसरात्र प्रार्थना केली. मग तोच मुलगा तिला पाणी पिऊन खेळताना दिसला. संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली ओस्तिया बंदरात मरणशय्येवर होती. देह कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, असे तिचे मागणे होते. यांपैकी कुणापुढेही शुद्धिस्थानाचा तयार सिद्धान्त नव्हता. प्रेम होते, आणि ते प्रेम मरणाच्या उंबरठ्याशी थांबायला तयार नव्हते.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही येथेच उभे आहेत. मृत्यूनंतर तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी ते मृतासाठी प्रार्थना करतात. पुनरुत्थानाची खूण म्हणून उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ करतात, कारण गव्हाचा दाणा मातीत पडल्यावाचून उगवत नाही. पण 'शुद्धिस्थान' हा शब्द त्यांना मान्य नाही. १४३८ साली फेरारा येथे लॅटिन आणि ग्रीक धर्माचार्य ऐक्यासाठी एकत्र आले, तेव्हा या विषयावर दीर्घ चर्चा झाली. मृतांसाठी प्रार्थना करावी याबद्दल वाद नव्हता. वाद अग्नीबद्दल होता. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लाकूड, गवत आणि पेंढा यांचे काम जळून जाते, पण माणूस अग्नीतून जावा तसा वाचतो, असे म्हटले आहे. लॅटिन पंडितांनी त्यात शुद्ध करणारा अग्नी पाहिला. इफिससचे बिशप मार्क यांनी तो अर्थ नाकारला. असा तात्पुरता अग्नी मानला तर नरकही केव्हातरी संपतो या जुन्या चुकीच्या मताला वाट मिळेल, अशी ग्रीकांना धास्ती होती. पुढच्या वर्षी, ६ जुलै १४३९ रोजी फ्लॉरेन्सला जो ऐक्याचा ठराव झाला, त्यात मरणानंतर शुद्ध करणाऱ्या यातना आणि जिवंतांच्या प्रार्थनांचे साहाय्य यांचा उल्लेख आला; अग्नी हा शब्द गाळला गेला. मार्क यांनी तरीही सही केली नाही आणि ते ऐक्य टिकले नाही. ठरावातला तो संयम मात्र आपल्या शिकवणीत कायम राहिला.

पश्चिमेकडील फूट अधिक कटू होती, आणि तिच्या मुळाशी पैसा होता हे आपण कॅथलिकांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. रोममधील संत पेत्राच्या मंदिरासाठी जर्मनीत दंडमाफीची पत्रे खपवली जात होती. मार्टिन ल्युथर यांनी १५१७ साली आपली ९५ प्रमेये मांडली ती या व्यवहाराविरुद्ध. त्या वेळी ते शुद्धिस्थान नाकारीत नव्हते. त्याच्या नावाने चाललेला बाजार नाकारीत होते. १५३० पर्यंत मात्र त्यांनी शुद्धिस्थानच अमान्य केले. त्यांचा युक्तिवाद हलक्याने घेण्यासारखा नाही. ख्रिस्ताचे क्रूसावरील बलिदान पुरेसे आहे, तर त्यात माणसाने आणखी कसली भर घालायची? क्रूसावरच्या पश्चात्तापी चोराला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले, ते कसे? शिवाय मक्काबींचे ग्रंथ त्यांच्या बायबलच्या प्रमाणित ग्रंथांत येत नाहीत. इंग्लंडच्या चर्चनेही आपल्या ३९ कलमांपैकी बाविसाव्या कलमात रोमची ही शिकवण निराधार ठरवली.

तरीही, एवढे सारे घडल्यावरही, मृतांसाठीची प्रार्थना तेथून पुरती पुसली गेली नाही. ल्युथर यांचे सहकारी मेलांक्थॉन यांनी १५३१ च्या आपल्या समर्थनपर ग्रंथात स्पष्ट केले की, मृतांसाठी प्रार्थना करण्यास आमची मनाई नाही. विसाव्या शतकातील अँग्लिकन लेखक सी. एस. लुइस आपल्या मृतांसाठी प्रार्थना करीत, आणि शुद्धीकरणाची ओढ आत्म्याला स्वतःलाच असते, असे त्यांनी लिहिले. हा विचार आपल्याकडे जिनोआच्या संत कॅथरीनने चार शतकांपूर्वीच मांडला होता. इस्पितळात रोग्यांची सेवा करणारी ही विवाहित स्त्री सांगे की, शुद्धिस्थानातील आत्म्याच्या आनंदाला स्वर्गातील आनंदाखेरीज तोड नाही. कारण त्याच्या आणि देवाच्या मधला गंज रोज थोडा थोडा झिजत असतो.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या काळात आपली भाषा शुद्ध केली आहे. पोप संत पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये पैशाशी जोडलेल्या दंडमाफ्या रद्द केल्या. जुन्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली 'तीनशे दिवस', 'सात वर्षे' अशी जी दंडमाफीची गणती छापलेली असे, ती पोप संत पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये काढून टाकली. ४ ऑगस्ट १९९९ रोजी पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी शुद्धिस्थान ही जागा नसून अवस्था आहे, असे समजावून सांगितले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेवरील विश्वपत्रात, हा अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच असे काही ईशज्ञानी मानतात, याकडे लक्ष वेधले. त्याच्या दृष्टीला दृष्टी भिडली की आपल्यातील सारे खोटे जळून जाते. ते दुखते, पण त्या दुखण्यातच तारण असते.

हे सारे मी त्या सुनेला माझ्या परीने समजावले. मी तिला म्हटले, "बाई, तुमच्या वडिलांना तुरुंगातून सोडवण्यासाठी आम्ही मिस्सा करीत नाही. ते प्रभूच्या हाती आहेत यावर आमचाही भरवसा आहे. पण त्या हातांत ते एकटे नाहीत. आपण सारे त्याच देहाचे अवयव आहोत." तिने शांतपणे ऐकून घेतले. तिचे मत बदलले नाही, आणि ते बदलावे म्हणून मी बोलतही नव्हतो. ती एवढेच म्हणाली, "फादर, मी त्यांच्यासाठी काही मागणार नाही. त्यांच्याबद्दल देवाचे आभार मात्र मानीन." मी म्हटले, मिस्साबलिदानाचे जुने ग्रीक नाव 'युखरिस्त', आणि त्याचा अर्थच आभार. सासूला सांगितले, "आजी, तुमच्या व्याह्यांसाठी तुम्ही प्रार्थना करताच ना? मग 'त्यांचं कुणी नाही' असे कसे म्हणता?" त्या घरात पुढे दोन्ही प्रार्थना होत राहिल्या. मतभेद संपला असे मी म्हणणार नाही. तो खरा आहे, आणि तो लपवून ऐक्य साधत नाही. पण एकमेकींच्या मृतांविषयीचा संशय गेला, आणि एका घरापुरते तेही थोडे नव्हते.

माझ्यापुरते म्हणायचे तर शुद्धिस्थानावरची माझी श्रद्धा ट्रेंटच्या ठरावापेक्षा आमच्या घरातील एका भांडणाने अधिक दृढ केली. माझे वडील आणि त्यांचे सख्खे भाऊ यांच्यात वाडीच्या बांधावरून वैर आले. हातभर जमीन, पण बावीस वर्षे बोलणे नाही. दोघेही नियमाने मिस्सेला येणारे, गरिबाला रिकाम्या हाताने न पाठवणारे. दोघेही न बोलताच गेले. आता एकाच कबरस्थानात, काही पावलांच्या अंतरावर आहेत. ते दोघे नरकात असतील असे माझ्याने म्हणवत नाही. देवाची दया मी तेवढी लहान मानीत नाही. पण ते वैर जसेच्या तसे घेऊन, एकमेकांकडे पाठ करून ते स्वर्गात बसले असतील, हेही मला मानवत नाही. कोठेतरी त्या प्रेमळ दृष्टीपुढे दोघांना समोरासमोर उभे राहावे लागले असेल. मान खाली गेली असेल, डोळे भरून आले असतील, आणि एकाने दुसऱ्याला नावाने हाक मारली असेल. ती हाक मारण्याचे बळ त्यांना मिळावे म्हणून मी वेदीपाशी दोघांची नावे नेहमी जोडीनेच घेतो.

वाचकहो, मृतांसाठी प्रार्थना अवश्य करा. ती आपल्या पूर्वजांची ठेव आहे. पण ती हिशेबाने करू नका आणि भीतीने तर मुळीच करू नका. दुसऱ्या पंथाचा भाऊ ती करीत नसेल, तर त्याचे आपल्या मृतांवर प्रेम नाही असे समजू नका. आणि ज्या शुद्धीची वाट आपण आपल्या मृतांसाठी मागतो, ती आपल्यालाही आज मोकळी आहे. शेजारच्या बांधावर जो अबोल उभा आहे, त्याच्याकडे या महिन्यात एकदा जाऊन या.