दोनशे तास : काही टिपणं

आधी नियम. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणून. २० तास क्रॉस कंट्री, त्यात एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. १० तास इन्स्ट्रुमेंटवर, त्यातले फार तर ५ सिम्युलेटरवर. ५ तास रात्रीचे, त्यात दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंग. सगळ्या प्रशिक्षण संस्था विकतात ते हेच २०० तास. ते किती महिन्यांत भरतात आणि कसे भरतात, यात सगळा फरक आहे. भाचीसाठी संस्था शोधताना मी जे लिहून ठेवत गेलो, ते याच प्रश्नाभोवतीचं आहे.



संस्थेच्या माहितीपत्रकात 'आमच्याकडे १० विमानं' असं असतं. हा आकडा एकटा वाचू नये. शेजारी विद्यार्थ्यांचा आकडा मांडावा.

समजा, विद्यार्थी ६० आहेत आणि सगळ्यांचं उड्डाण एका वर्षात व्हावं असं संस्था सांगते. म्हणजे १२,००० तास. दहाही विमानं चालू असतील तर प्रत्येकी १,२०० तास. पावसाळा, धुकं, सुट्ट्या वजा करून उडता येण्याजोगे २५० दिवस धरले, तर प्रत्येक विमानाने रोज जवळजवळ पाच तास हवेत राहायला हवं. हे जमण्यासारखं आहे. पण चार विमानं ग्राउंडेड असतील, कुणाचा प्रॉपेलर दुरुस्तीला, कुणाचा सुटा भाग परदेशातून यायचा, तर उरलेल्या सहांवर प्रत्येकी २,००० तास येतात. रोज आठ. सेस्ना १७२सारख्या विमानाच्या लायकमिंग इंजिनाची ओव्हरहॉलची मुदतच साधारण २,००० तासांची असते. दर १०० तासांनी तपासणी, म्हणजे वर्षात वीस वेळा विमान हँगरमध्ये. आठ तास होणार नाहीत. मग दोन वर्षं लागतात, कधी तीन.

म्हणून 'किती विमानं आहेत?' असं न विचारता 'आज सकाळी किती उडाली?' असं विचारायचं. आणि मागच्या महिन्यात एकूण किती तास उड्डाण झालं, तेही. हा आकडा प्रत्येक संस्थेकडे रोजच्या रोज लिहिलेला असतो. सांगायला टाळाटाळ झाली तर तेही वहीत लिहावं.

हाच हिशेब इन्स्ट्रक्टरचा. शंभर तास सोलो धरले तरी उरलेल्या शंभरांना शेजारी इन्स्ट्रक्टर लागतो. साठ विद्यार्थ्यांचे ६,००० तास. वैमानिकाला वर्षात १,००० तासांच्या वर उडता येत नाही, आणि प्रत्यक्षात हवामान बघता इन्स्ट्रक्टरचे सहाशे-सातशे झाले तरी खूप. म्हणजे नऊ-दहा जण लागतात. चार असतील तर मुलं खोलीत बसून राहणार.



खंड पडण्याची किंमत फीच्या तक्त्यात दिसत नाही. महिनाभर न उडलेल्या मुलाची पहिली सॉर्टी हात बसवण्यातच जाते. लँडिंगची उंची डोळ्यांना पुन्हा शिकवावी लागते. त्या सॉर्टीचेही पैसे मोजावे लागतात. असे तीन-चार खंड पडले की दोनशेचे दोनशे वीस होतात. स्वस्त संस्था महाग पडते ती इथे.



उड्डाणाचा वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यावर सुरू होत नाही. उड्डाणासाठी विमान जागचं हललं की तास सुरू, परत येऊन उभं राहिलं की बंद. त्यामुळे गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीच्या तोंडाशी प्रवासी विमानाची वाट बघत घालवलेली पंधरा मिनिटंही लॉगबुकात उड्डाण म्हणून जातात आणि त्यांचं बिल लागतं. दोन मुलांच्या लॉगबुकात दोनशेच तास असतील, पण एकाने त्यात दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त लँडिंग केलेली असू शकतात. मुलाखतीत हे कुणी विचारत नाही. मी संस्थेला विचारायला सांगतो : तासाला किती लँडिंग होतात?



जागा. महाराष्ट्र या बाबतीत नशीबवान आहे. बारामती पर्जन्यछायेत, म्हणून जून ते सप्टेंबर तिथे पूर्ण वाया जात नाही. धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लबचा तळ. हा तोच १९२८चा क्लब, ज्याच्या छत्राखाली जे. आर. डी. टाटा जुहूला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ला त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या जुहूभोवती आज इमारती आहेत, शिकाऊ विमानाला मुंबईच्या आकाशात जागा उरलेली नाही, आणि क्लबचे विद्यार्थी खानदेशात उडतात. मला हे फार बोलकं वाटतं. शिरपूरला धावपट्टी आहे. गोंदियाला बिरसीचा विमानतळ, जिथे सीएई आणि विमानतळ प्राधिकरणाच्या भागीदारीतली एनएफटीआय ही प्रशिक्षण संस्था आहे. विमानतळ प्राधिकरणाने २०२१मध्ये प्रशिक्षणासाठी ज्या पाच विमानतळांवर जागा दिल्या, त्यांत जळगाव होतं. बाकीचे बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने प्रशिक्षण केंद्र जाहीर केलं आणि त्यासाठी ३४ विमानांची मागणी नोंदवली : ३१ पायपर, ३ दोन इंजिनांची डायमंड.

सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला. डिसेंबर-जानेवारीत तिथे धुकं. सकाळचे सोन्यासारखे तास त्यात जातात. अकादमीने गोंदिया आणि कलबुर्गीलाही उड्डाण सुरू केलं, हे त्यावरचं शहाणं उत्तर.

विदर्भ-खानदेशाचा उन्हाळा वेगळा. पंचेचाळीस अंशांत हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, टेक-ऑफला धावपट्टी जास्त लागते, दुपारी विमान उसळत राहतं. मग उड्डाण पहाटे आणि संध्याकाळी. एप्रिल-मेमध्ये दिवसाचे उपयोगी तास निम्मे धरावेत.



एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, असलेलं ठिकाण चांगलं की नसलेलं? शिरपूरला टॉवरचं नियंत्रण नाही. जळगावसारख्या ठिकाणी आहे. टॉवर नसला की वाट बघणं कमी, सर्किट जास्त. पण रेडिओवर बोलायची सवय लागत नाही, आणि ती पुढे फार नडते. मोठ्या विमानतळावर पहिल्यांदा क्रॉस कंट्रीला गेलेल्या मुलाची जीभ अडखळते, ते त्याचमुळे. माझं मत : सोलो होईपर्यंत शांत धावपट्टी, क्रॉस कंट्री मात्र भरपूर टॉवर असलेल्या विमानतळांवर. संस्था मुलांना कुठे-कुठे पाठवते, त्या गावांची नावं मागून घ्यावीत.



फी भरण्याआधी क्लास टू आणि शक्य असेल तर क्लास वन वैद्यकीय तपासणी. चष्मा चालतो. रंगांधळेपण किंवा हृदयाचा एखादा दोष आधी कळलेला बरा. हे एवढंच, पण लोक उलट्या क्रमाने करतात.



डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ला प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. ए प्लस प्लस, ए, बी आणि सी असे वर्ग. पहिल्या दोन वर्गांत एकही संस्था नव्हती. बीमध्ये १३, सीमध्ये २२. गुणांपैकी ४० टक्के उड्डाण-कामकाजाला, २० सुरक्षेला, २० कामगिरीला, उरलेले नियमपालन आणि विद्यार्थ्यांच्या सोयींना. ही यादी वर्षातून दोनदा निघणार आहे, आणि ती निघाली याचा मला मनापासून आनंद आहे. इतकी वर्षं पालकांच्या हातात माहितीपत्रक आणि ओळखीच्या माणसाचा शब्द, एवढंच होतं. एकाच यादीवर निर्णय घेऊ नये. लागोपाठच्या दोन-तीन याद्यांत संस्था वर जाते की खाली, ते बघावं.



'आज उडायचं नाही' असं म्हणायचा अधिकार कुणाला? हा प्रश्न प्रत्येक संस्थेत विचारायचा. उत्तर सीएफआय, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टर, असंच येईल. मग पुढचा : मागे कधी म्हटलं होतं, आणि मालकाने काय केलं?

ऑक्टोबर २०२३मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं चार दिवसांत कोसळली. डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. अपघात कुठेही होऊ शकतो, पण अशा वेळी बाकीच्या मुलांचं काय होतं, याचा विचार कुणीच करून ठेवलेला नसतो. फी भरलेली, तास अर्धवट, दुसरीकडे जायचं तर पुन्हा प्रवेश. करारात याबद्दल एक ओळ तरी हवी.

विद्यार्थी स्वतः 'मला आज बरं वाटत नाही' म्हणाला तर त्याची पाळी मागे ढकलली जाते का, हेही कळायला हवं. ढकलली जात असेल तर मुलं आजारी असून उडतील.



पारकर पेनाचे तास. हवाई क्षेत्रातला जुना शब्द : जे उडलेच नाहीत, नुसते लॉगबुकात लिहिले. २०११मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली, वैमानिकांना अटक झाली आणि संस्थांच्या तासांच्या नोंदीही तपासल्या गेल्या. 'थोडे ॲडजस्ट करून देऊ' असं कुणी आडून सुचवलं, की उठून यावं. त्या तासांची उणीव एखाद्या पावसाळी रात्री, मागे दीडशे माणसं बसलेली असताना भरून काढावी लागते.



पैसे. भारतात सीपीएल पन्नास लाखांच्या आसपास, विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना कोटीच्या घरात. परवान्यानंतर ए३२०सारख्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं. २०२३मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले. परवाना मिळाला म्हणून नोकरी मिळाली असं होत नाही. नोकरी लागेपर्यंत कर्जाचा हप्ता कोण भरणार, हे घरात मोठ्याने बोलून घ्यावं.

दाजी म्हणाले, "सगळी फी एकदम भरली तर चांगली सूट देतायत."

मी म्हटलं, "दाजी, सूट नको. उडालेल्या तासांचे पैसे, टप्प्याटप्प्याने."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर त्यांना आपल्या पैशांची घाई आहे असं समजायचं."

राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली. ज्यांना लागू आहे त्यांनी आधी तिथे चौकशी करावी. शेतकऱ्याच्या घरातून पन्नास लाख निघत नाहीत, जमीन निघते.



परदेश. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड. हवामान चांगलं, विमानं भरपूर, वर्षभरात तास होतात. पण परतल्यावर डीजीसीएचे पेपर आणि परवान्याचं रूपांतर आहेच. अमेरिकेतच राहून विमान कंपनीत जाऊ म्हणावं, तर २०१३पासून तिथे सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर (प्रत्येकी ७० टक्क्यांना पास) इथे देऊन मग जाणारी मुलं सुटसुटीत राहतात.



मेसमध्ये जेवावं. संस्थेने नेमून दिलेल्या मुलाशी बोलू नये, शेवटच्या टेबलावर बसलेल्याशी बोलावं. कधी आलास, किती तास झाले, शेवटचं कधी उडलास. या तीन उत्तरांत सगळं येतं.

भाचीने यादीत स्वतःचा प्रश्न घातला : रात्रीची उड्डाणं संपल्यावर मुलींना होस्टेलवर कोण सोडतं? धावपट्ट्या गावाबाहेर असतात.

दिवाळीच्या आधी तिला घेऊन जायचं ठरलं आहे, आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे. पाऊस गेलेला असतो, धुकं आलेलं नसतं, हवा स्थिर असते. तेव्हाही विमानं उभी दिसली तर हवामानाचं कारण कुणाला देता येणार नाही.