धुऱ्यावरची सुबाभूळ

पाऊण एकराचा तुकडा आहे. धामणगाव रेल्वेपासून पायी अर्ध्या तासावर. वारा तिकडचा असला की रात्री मालगाडीचा खडखडाट वावरात ऐकू येतो. 1867 मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोचला आणि या मातीतली रुई गाठी होऊन त्या वाटेनं बाहेर जाऊ लागली. गावाच्या नावातच रेल्वे आहे. इथून माणसंही तशीच बाहेर गेली, आम्ही त्यांतलेच.

आता या तुकड्यावर छोटं घर बांधायचं, असं आईनं आणि मी दिवाळीत ठरवलं. एप्रिलमध्ये जागा पाहायला गेलो तर जागाच दिसेना. धुऱ्यापासून विहिरीपर्यंत सुबाभूळच सुबाभूळ, इतकी दाट की अंग तिरपं करून शिरावं लागलं. वाळलेल्या चपट्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. त्या आवाजानं मला एकदम बाबा आठवले.

कारण ती बाबांनीच लावली होती. 1980 च्या आसपासचा तो काळ. उरुळी कांचनचे मणिभाई देसाई आणि त्यांनी 1967 मध्ये उभी केलेली बायफ संस्था मेक्सिकोकडचं हे झाड शेतकऱ्यांपर्यंत तळमळीनं नेत होती. पाला शेळीला, लाकूड चुलीला, मुळं जमिनीला नत्र देणारी. कोरडवाहू माणसाला आणखी काय हवं होतं? बाबांनी बी गरम पाण्यात भिजवलं आणि धुऱ्यावर ओळीनं टोचलं. काटा नसलेली बाभूळ, याचंच आम्हा मुलांना नवल. दोन शेळ्या तिच्यावर पोसल्या. पाला गाढवाला घालायचा नाही, आयाळीचे केस गळतात, एवढं एकच पथ्य.

बाबा असेपर्यंत ती धुऱ्यावरच राहिली, कारण कोयता रोज चाले आणि शेळ्या रोज चरत. ते गेले, शेळ्या विकल्या, वावर चौदा वर्षं पडीक राहिलं. मग दर उन्हाळ्यात शेंगा तडकल्या, बी पसरलं. टणक कवचाचं ते बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. जगातल्या शंभर अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत सुबाभूळ आहे, हे मी पुढे वाचलं तेव्हा बाबांची बाजू घेऊन कुणाशी तरी भांडावंसं वाटलं. त्यांनी चांगल्या मनानं लावलेलं झाड होतं. आम्ही ते मोकाट सोडलं. दोष मी झाडाला देत नाही, तरीही ते काढायलाच हवं होतं.

तोडायला आलेल्या भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, वरून छाटलं तं हे आनखी जोमानं फुटते. बुड उकरा लागते." तसंच झालं. आदल्या वर्षी कुणीतरी सरपणासाठी तोडलेल्या प्रत्येक बुडख्यातून पाच-सहा फोक वर आले होते. मिस्त्रीचंही तेच म्हणणं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यात पायाखाली बुडखा कुजत राहिला तर पोकळी होऊन भिंत बसते. मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि मुळं वेचून काढायची.

धुऱ्याकडचं जेसीबीनं दोन दिवसांत उलटलं. विहिरीकडचं मात्र मी हातानंच काढायला लावलं, आणि ते बरं झालं. आत एक हिवर निघाला, पलीकडे पळसाची तीन झुडपं आणि एक गावठी बाभूळ. हिला लांब पांढरे काटे आणि पिवळे गोंडे; सुबाभळीचे गोंडे पांढरे, काटा नाही. तिसरी ती वेडी बाभूळ, 1877 मध्ये कडप्प्याकडे बी आणून लावलेली. ती आमच्याकडे नाल्याकाठी आहे. बाभूळ म्हणून तिन्हींना एकाच कुऱ्हाडीनं तोडणारे पुष्कळ. गावठी बाभळीच्या लाकडावर इथली बैलगाडी चालली, वखर चालला. तिला आणि हिवराला मी लाल चिंधी बांधली.

तोडलेलं लाकूड न्यायला बाया आल्या. आठवडाभर मोळ्या जात राहिल्या. आई विहिरीपाशी बसून प्रत्येकीला पाणी देत होती. बाबा गेल्यापासून या वावरात इतकी माणसं आली नव्हती.

शेवटच्या मोळीनंतर तुकडा उघडा पडला. मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. पण भगभगीत ऊन, विहिरीशेजारचा फुटका हौद आणि चारी बाजूंनी थेट दिसणारं क्षितिज पाहून पोटात खड्डा पडला. शेंगांचा खुळखुळाट थांबला होता. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे बाबा इथंच बाज टाकत होते." तिनं दाखवलेल्या जागी आम्ही ओसरी धरली.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं फक्कीनं घराच्या रेघा आखल्या होत्या. आठ दिवसांनी गेलो तर रेघा पुसट झालेल्या आणि खोल्याखोल्यांतून सुबाभळीची बोटभर रोपं, शेकड्यांनी. आईनं पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या जागी निंदायला बसावं तशी बसली. दोन बोटांत धरून, ओल्या मातीतून मुळासकट, एकेक. ढीग बाजूला पडत गेला. तिकडचं झालं तशी ती ओसरीकडे सरकली.