काकांची मजुरी

वडिलांची बँकेतली बदली आदिलाबादला झाली तेव्हा आईला धास्ती होती, तेलुगू आल्याशिवाय भाजीसुद्धा मिळायची नाही. पण तसली वेळ आलीच नाही. 1956 च्या प्रांतरचनेत किनवट नांदेड जिल्ह्यात गेलं आणि आदिलाबाद आंध्रात गेलं, तरी बाजारावर त्याचा फारसा परिणाम झालेला नव्हता. बेला, जैनथ, तामसीकडच्या बाया आईशी मराठीतच घासाघीस करायच्या. आणि पहिल्याच दिवशी वडिलांच्या बँकेतले एक शिपाई सामान लावायला घरी आले, तेही अस्सल मराठी बोलत.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते प्रधान समाजाचे. इकडच्या प्रधानांच्या घरात मराठी बोलली जाते, पण गोंडांच्या कुळांच्या, देवांच्या कथा ते किंगरीवर गातात त्या गोंडीत. हे मला बरंच नंतर कळलं. तेव्हा काका म्हणजे कुंटालाचा धबधबा, एवढंच आमच्या डोक्यात.

नागपूरहून पाहुणे आले की रविवारी कुंटाला ठरलेलाच. सकाळी जीपने निघायचं, गुडीहत्नूर, इच्चोडा करत नेरडिगोंड्याला हायवे सोडायचा, तिथून आत बारा-एक किलोमीटर. परतताना वाटेत पोचेरा. तो उंचीला कमी, पण रुंद आणि दांडगा. दिवेलागणीला घरी. पाहुणे म्हणायचे, किती सोपी सहल आहे हो तुमच्याकडे! सोपी होतीच. आदल्या संध्याकाळी काका पाण्याचा अंदाज काढून यायचे, पाण्याचा कॅन भरून ठेवायचे, आणि आम्ही जीपमध्ये बसायच्या आत दोऱ्या, चटई, स्टोव्ह मागे रचलेला असायचा. त्यांची रविवारची सुट्टी असायची, हा विचार कुणाच्या मनातही येत नसे.

कुंटाला म्हणजे कडम नदीची सुमारे 45 मीटरची उडी. तेलंगणातला सगळ्यात उंच धबधबा म्हणून त्याचं नाव घेतात. पण ती एका झेपेत पडत नाही. काळ्याशार कातळाच्या टप्प्यांवर फुटत, पसरत, पुन्हा एकवटत खालच्या डोहात येते आणि पुढे गोदावरीची वाट धरते. नाव शकुंतलेवरून पडलं असं सांगतात. कपारीत सोमेश्वर आहे, शिवरात्रीला तिथे गर्दी लोटते. काका आधी त्याला हात जोडायला लावायचे आणि मग आपले नियम सांगायचे. शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय नाही. डोहात कुणी उतरायचं नाही, पोहता येत असेल तर मुळीच नाही, कारण पोहणाराच बुडतो. आणि पाण्यावर नजर ठेवायची. "ऊन पडलं असलं तरी पाणी लाल झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, का चप्पल राहिली तरी राहू द्या, वर निघा. वर बोथकडं पडलेला पाऊस इथं दिसत नाही, पाण्यात दिसतो." पुढे तिथे बुडालेल्या मुलांच्या बातम्या वाचताना हे शब्द आठवत राहिले. अशा बातम्या दुर्दैवाने पुष्कळ आल्या.

जेवायला ते पळसाची पानं आणायचे. दोन पानांच्या कडा एकमेकींवर ठेवून बारीक काडी आत घालायची, बोटभर अंतरावर बाहेर काढायची, नखाने मोडायची. माझी एक पत्रावळ होईपर्यंत त्यांच्या पाच-सहा झालेल्या असत. आईची पुरी-भाजी आम्ही खायचो. त्यांची भाकरी आणि अंबाडीची भाजी ते थोडं लांब बसून खायचे. लांब का, हे मी एकदा विचारलं. आईने माझ्या पानात आणखी एक पुरी वाढली.

त्याचं कारण आजी. आजी सोवळ्यातली. घरी काकांचा चहाचा कप वेगळा, मोरीशेजारच्या कोनाड्यात. एका वर्षी ती नागपूरहून आली आणि तिने हट्टच धरला, मलाही सोमेश्वराला जायचंय. खाली उतरताना गुडघ्यांनी दगा दिला. मागे फिरता येईना, पुढे जाता येईना. वडील गोंधळून उभे. काका तिच्यापुढे पाठ करून बसले. "बसा माय." आजी क्षणभर थांबली, मग बसली. तिचे दोन्ही हात त्यांच्या गळ्याभोवती, नऊवारीचा काष्टा सावरायला आई मागून. ते एकेक पाऊल आडवं टाकत उतरले, आधी टाचेने दगड चाचपून मग भार देत. मानेवरच्या शिरा तटतटलेल्या मला अजून दिसतात. खाली पोचल्यावर आजीला धाप लागली, तेव्हा त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी दिलं आणि ती प्यायली.

त्या दिवसापासून कोनाड्यातला कप गेला असं लिहिता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तो तिथेच राहिला, आजी असेपर्यंत. फक्त नागपूरला गेल्यावर ती नातेवाईकांना सांगायची, तो तर आमच्या घरचाच आहे.

घरचाच! आम्ही सगळेच हे म्हणायचो आणि त्यात आम्हाला मोठेपणा वाटायचा. त्यातली गोम मला उटनूरकडच्या त्यांच्या गावी गेल्यावर कळली. त्यांच्या यजमान गोंड घरात दिवसकार्य होतं. काका किंगरी घेऊन बसले होते. बँकेत स्टुलावर अंग चोरून बसणारा माणूस इथे ताठ बसून गात होता आणि म्हातारीकोतारी माणसं मान डोलावत होती. गाणं संपल्यावर देणं आलं: धान्य, कपडा. पिढ्यान्‌पिढ्या हे घर त्या घराला बांधलेलं. कुळाची कथा यांनी सांभाळायची, त्यांनी यांचं देणं द्यायचं, ऐपत असेल तर जनावरसुद्धा. काकांनी धान्याचं माप पाहिलं आणि कमी आहे म्हणून सरळ सांगितलं. वाद झाला, हसणं झालं, माप वाढलं. कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. नातं होतं म्हणूनच तर हिशेब चोख होता.

आमच्याकडे नातं लावलं आणि हिशेब मिटवला. दिवाळीला जुने शर्ट, मुलीच्या लग्नात एक साडी. इतक्या रविवारांचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. आमच्या घरी मागायची रीतच कुठे होती? निवृत्तीनंतर ते गावी गेले. वडिलांनी निरोपाला छान भाषण केलं. पुढे काका गेल्याचं कळलं तेही महिन्यांनी. धबधबा पाहायचा कसा, पाण्याला भ्यायचं कुठे, हे मला त्यांनी शिकवलं. ते देणं आता कुणाच्या मापात घालायचं?

2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. कुंटाला आजच्या आदिलाबादमध्येच आहे. जाणार असाल तर सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ चांगला. उन्हाळ्यात धार क्षीण होते. पावसाचं आभाळ असेल तर खाली उतरू नका, डोहात तर कधीच नाही. आणि आसपासच्या गावातलं कुणी वाट दाखवायला सोबत आलं तर मजुरी आधी विचारा, आणि निघण्यापूर्वी पुरी हातात द्या.