बोरूची जिभली

माल्टा बेटावर 'झाक' हे पिशवीचं वाद्य शिकू पाहणाऱ्या पोराच्या हाती आधी बोरूच्या कांडाची साधी पिपाणी यायची. झाकची पिशवी बकरीच्या नाहीतर वासराच्या अख्ख्या कातड्याची, पाय-शेपटीसकट. नळ्यांच्या टोकाला गाईचं शिंग. पण बोलतो तो आतला बोटभर बोरू.

भोकं कुणीही पाडतं. घोडं अडतं ते जिभलीपाशी. कांडाच्या अंगातच चीर देऊन उचललेली ही अरुंद पट्टी एका टोकाला कांडालाच धरून असते. जाड राहिली तर गाल दुखेपर्यंत फुंका, आवाज नाही. जास्त तासली तर फुंकताच मिटते. मग तिच्याखाली डोक्याचा एक केस सरकवायचा. मुळाशी दोरा गुंडाळायचा. तो टोकाकडे ढकलला की स्वर चढतो. टोकाला मेणाचा ठिपका लावला की उतरतो. पण केस नेमका कुठवर, हे बोटांनाच कळतं. हात म्हातारा झाला की हीच जाण आधी जाते. सुरी चालते, साल किती उरली ते उमगत नाही.

वाजवताना जिभली अख्खी तोंडात, ओठ तिच्या पलीकडे मिटलेले. गाल हीच पिशवी. नाकाने श्वास घेताना गालांतली हवा सोडत राहायची. दाब डगमगला की सूर डगमगला. पिशवीवर हेच तर करायचं असतं!

हल्ली प्लास्टिकच्या जिभल्या मिळतात. ओलाव्याने त्या फुगत नाहीत. कार्यक्रमात खुशाल वापराव्यात. शिकणाऱ्याला मात्र देऊ नयेत. त्याची बोटं तयार होतात, कान कच्चा राहतो, कारण सूर कशाने बिघडला हे त्याला कधी शोधावंच लागत नाही. जाणत्या कारागिरांचा मोहही नडतो. आपली जिभली पहिल्या फुंकेला बोलावी, पोराने थक्क होऊन वर पाहावं, यासाठी ते तयार पिपाणीच हाती देतात.

पार्ट्रिज आणि जील या अभ्यासकांचा झाकवरचा लेख १९७७ साली 'गाल्पिन सोसायटी जर्नल'मध्ये आला, तेव्हा जुने वादक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पुढे तरुणांनी वाद्य पुन्हा उभं केलं.

आपल्या जव्हार-डहाणूकडच्या तारपा या फुंकवाद्यातही कापीव जिभलीच बोलते. पिशवीच्या जागी भोपळा, आणि वादकाचा श्वास तसाच नाकाने, न तुटता. पपईच्या देठाची पिपाणी तर आपल्याकडची पोरं आपणहून करतात. त्यांना शिकवणाऱ्यांनी कांड आणि सुरी द्यावी, जवळ बसावं, आणि वाया जाणारी कांडं वाया जाऊ द्यावीत.