टेकडावरची रेंज

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गावबैठका घ्यायला लागले तेव्हा काठी कायम माझ्या हातात असायची. अंगणात रांगोळी, विटांचा चुरा, पानं, खडे मांडायचे आणि लोकांनी आपल्या गावाचा नकाशा जमिनीवर काढायचा, अशी ही रीत. लोक काढायचेही, मी सांगेन तसा. "आधी रस्ता घ्या, मग शाळा." रॉबर्ट चेंबर्स यांनी ही पद्धत जगभर पोचवली, काठी लोकांच्या हाती द्या, हा तिचा पहिलाच धडा. प्रशिक्षणात तो मीच शिकवायचे, काठी हातात धरून.

मग एका पाड्यावर सामूहिक वनहक्काच्या आराखड्यासाठी बसलो असताना मला फोन आला. रेंज फक्त मागच्या टेकडावर. चढून गेले, बोलणं लांबलं, परत यायला पाऊण तास लागला. येऊन बघते तर माझा रस्ता पायाने पुसलेला. नकाशा आता झऱ्यापासून सुरू होत होता. तिथून नाला, नाल्याच्या अंगाने भाताची खाचरं, वर मोहाची झाडं, कोणाची कुठली तीही ठरलेली. शाळा राहूनच गेली होती. आणि सगळे त्यांच्या घरच्या कोकणी बोलीत बोलत होते. माझ्यासमोर घासूनपुसून काढलेली मराठी गायब. मला निम्मंच कळत होतं. विचारायला तोंड उघडलं, तर एक आजी म्हणाली, "ताई, जरा बसा."

बसले.

तेव्हापासून काठी सोडून द्यायचा मला नादच लागला, आणि तो अंगाशीही आला. एका गावात मी 'तुम्हीच चालवा' म्हणून भिंतीला टेकले, तर ट्रॅक्टरवाल्या एका गृहस्थाने बैठक ताब्यात घेतली. तासाभरात बाया पाण्याचं निमित्त करून उठून गेल्या. माझ्या हातची काठी सरळ त्याच्या हाती गेली होती, एवढंच. आता मी बोलत नाही, पण प्रत्येकीच्या मुठीत पाच चिंचोके देते. गावातलं कोणतं काम आधी व्हावं, तिथे ते ठेवायचे. मोठ्या आवाजाच्या माणसालाही पाचच.

याच तालुक्यातल्या बारीपाड्याला लोक जंगल बघायला येतात. गावाने राखलेलं, अकराशे एकरांच्या आसपास. ते काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून तर गर्दी वाढलीच असेल. मला मात्र तिथली रानभाज्यांची स्पर्धा जास्त शिकवते. २००४ पासून चालू आहे. सुचवली बाहेरच्या अभ्यासकाने; पण कुठली भाजी कोणत्या पावसात येते, कुठली आधी उकळून पाणी फेकावं लागतं, हे ताटं मांडणाऱ्या बायांना ठाऊक. सुचवणाऱ्याने पुढे चुलीशी लुडबुड केली असती, तर दोन वर्षांत स्पर्धेचा नुसता सरकारी कार्यक्रम झाला असता, असं माझं मत.

सगळ्यांत अवघड अजूनही गप्प बसणंच. प्रश्न टाकला की अंगण मुकं होतं. कोणी तंबाखू मळतं, कोणी कोंबडी हाकलतं. पूर्वी मी त्या फटीत लगेच उदाहरण कोंबायचे. आता मनात शंभर मोजते. साठ-सत्तरच्या आसपास कोणीतरी खाकरतं.

गेल्या खेपेला नकाशा कागदावर उतरवायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. झऱ्यापाशी नाव लिहायचं होतं. वरच्या आळीचं एक नाव, खालच्या आळीचं दुसरं. वाद कोकणीत पेटला. मी पेनचं टोपण लावलं आणि चहाचा कप हातात घेतला.